दोन मणांचं डुक्कर आणि कॅमेऱ्याची दुर्बीण

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

घरच्यांचं मत वेगळं होतं. पोस्टमनला दोनदा "या जावईबापू" म्हणालो आणि एकदा चहात साखर समजून मीठ घातलं, एवढ्यावरून त्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला! माझा मुलगा नरेश धाटावला कंपनीत आहे. एक दिवस शिफ्टला निघता निघता म्हणाला, "बाबा, एक तर डोळ्याचं ऑपरेशन करा, नायतर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करू. कुनाला तरी लागंल."

बंदूक जमा! चाळीस वर्षं शेतीराखणीचा परवाना माझ्या नावावर. पंचक्रोशीत मला 'बंदूकवाले तात्या' म्हणतात. बंदूक गेली तर उरलो काय, नुसता तात्या? (तसे तात्या आमच्या वाडीत आणखी चार आहेत.) आणि ऑपरेशनला मी काही भीत नव्हतो. वेळ नव्हता. दोन वर्षं वेळच नव्हता!

अशात पेणहून जावई आला. दिलीप डोलवीच्या कंपनीत फिटर आहे. त्याने कुरिअरने एक डबा मागवला होता.

"मामा, ही कॅमेऱ्याची दुर्बीण. बंदुकीवर बसवायची. लांबचं जवळ दिसतं, बारीक असंल ते मोठं दिसतं, आनि समोरचं सगळं आत भरून ऱ्हातं. मागाहून टीव्हीवर बघायचं."

"मला कशाला? मला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय."

"दिसतंय वो. पन जावयानं आणलीय म्हनून..."

जावयाचा मान म्हणून डोळा लावला. आणि काय सांगू! कुंडलिका नदीच्या पलीकडे बसलेल्या म्हशीच्या कानावरची गोचीड दिसली! दोन वर्षांत मला माझ्या ताटातली भाजी एवढी स्पष्ट दिसली नव्हती. मी मनात म्हटलं, झालं! ऑपरेशन गेलं खड्ड्यात!

आता गुण सांगितले, तर अवगुणही सांगतो. एक म्हणजे वजन. माझी एकनळी बंदूक दिलीपपेक्षा म्हातारी. त्याने पट्ट्या कसून वर हे धूड बसवलं, तेव्हा ती पाटीखाली वाकलेल्या बाईसारखी दिसायला लागली. दुसरं, हिला रोज चार्जिंगला लावायचं. सुनेचा मोबाईल काढून मी दुर्बीण लावली, त्या दिवशी मला जेवण नरेशने वाढलं. तिसरा अवगुण मला माहीत नव्हता. तोच भोवला.

त्या आठवड्यात डुकरांनी आमचा वाल उकरून टाकला होता. वनखात्याची परवानगी हातात होती, पण अट अशी की, डुक्कर पडलं की वनरक्षकाला कळवायचं आणि जागेवर पंचनामा करायचा. उजाडल्यावर मी बांधावर जाऊन बसलो. वालात काहीतरी हललं. काळं! दुर्बिणीत पाहिलं, लहान दिसलं. दिलीपने दाखवलेलं मोठं करायचं बटण दाबलं. जरा मोठं झालं. मग मी दाबतच गेलो. सगळा पडदा काळा! राठ केस, थरथरणारं पुठ्ठं! घोडा ओढला. धाड!

बंदूक खांद्यावर अशी बसली की मी बांधावरून पाटात उलटा. पण फोन भिजू दिला नाही! पाटातूनच वनरक्षकाला कळवलं, "साहेब, या. दोन मणांचं पाडलंय!"

तासाभरात साहेब मोटारसायकलवरून आले, कागद नि टेप घेऊन. मागून पंच आले. पंचांच्या मागून सगळी वाडी, त्यात नरेश आणि अजून आमच्याकडेच राहिलेला दिलीपही. वालाचा वेल न् वेल बघितला. डुक्कर नाही. शेवटी एका आळ्यातून माझ्या भावजयीची, कमळावहिनीची, काळी कोंबडी बाहेर आली. ठणठणीत! फक्त मागे शेपूट नव्हतं.

"गो बाय माजे!" वहिनी ओरडली. "भावोजी, काय केलंत वो हिचं? आता ही चार कोंबड्यांत कशी जायाची?"

वनरक्षक पेन चावत म्हणाले, "तात्या, माझ्या कागदावर 'डुक्कर' छापलेलं हाय. कोंबडी मी कुठं बसवू? नि तीबी जिवंत!"

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "डुक्करच होता! पळाला. कोंबडी मधी आली. पुरावा हाय माझ्याकडं. लाव रे दिलीप टीव्हीवर!"

"मामा, ऱ्हाऊ दे..."

"लाव म्हनतो ना!"

सगळी वाडी आमच्या पडवीत आणि ओटीवर बसली. साहेबांना खुर्ची दिली. टीव्हीवर वाल दिसला. वालात कोंबडी दिसली, निवांत किडे टिपणारी. मग ती मोठी झाली. आणखी मोठी झाली. शेवटी टीव्हीभर नुसतं तिचं बूड! आणि त्यावर माझा आवाज! (हा तिसरा अवगुण. हिला कानही असतात.)

"ये राजा, ये... दोन मणांचा तरी हाय... नुसत्या डोळ्यांनी काय म्हंजे काय दिसत नाय, पन ह्या डब्यात झकास... नरेशला वाटतंय म्हातारा आंधळा... हायच, पन सांगतोय कोन!"

धाड! मग आभाळ, मग माझे पाय, मग पाट.

साहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले. वहिनी कोंबडीला पोटाशी धरून हसत होती. हसली नाही ती फक्त आमची मंडळी.

"अवो," ती म्हणाली, "दोन वर्सं मला सांगत होता, समदं दिसतंय म्हनून?"

त्या एका वाक्यापुढे माझा चाळीस वर्षांचा परवाना गळाला. नरेश हळूच म्हणाला, "बाबा, बंदूक जमा नाय करत. पन आधी डोळे करून या. तवर ती माज्या कपाटात."

"मी माझ्या पायांनी जाईन," मी म्हणालो. "कुनी धरून नेलेलं मला चालनार नाय!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. एकटा, रोह्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात. आत शिरलो, समोर डॉक्टर उभे होते. वाकून नमस्कार केला, माझं दुखणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, डुकराचंही सांगितलं. डॉक्टर फार सभ्य, मधे एकदाही बोलले नाहीत. मग मागून खरे डॉक्टर आले आणि खुंटीवरचा तो कोट काढून अंगात घातला!