लाथेचा नारळ

"उचल गो ती पाटी! पावण्यांका घाण येता."

एवढं बोलून दादासाहेबांनी माझ्या पाटीला लाथ घातली. तारकर्लीत किनाऱ्याला लागून त्यांचं नवं लॉज उभं राहिलं होतं. त्याच्या दारासमोरच्या जागेवर मी मासे विकायची. माझ्याआधी सासू विकायची. बांगडे वाळूत सांडले. त्यांच्या बुटांखाली चिरडले. गच्चीवरचे पाहुणे हसले.

माझ्या हातात सुरमई होती. शेपटीला धरलेली. तीच घातली त्यांच्या थोबाडावर. एकच फटका.

दादासाहेब देवळातले मानकरी. गावाने मला देवळात बोलावलं. आमच्यात चुकलेल्याने देवापुढे नारळ ठेवायचा. तो फुटला, दोघांनी खोबरं खाल्लं की भांडण संपलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. मी आपली लग्नातली साडी नेसून गेले, जशी काय माझी ओटीच भरायची होती! नारळ ठेवला. "चुकलंय" म्हटलं. त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. लाथ कोणी मारली, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दादासाहेबांनी खोबरं चावून चावून खाल्लं आणि मी खूश. केवढी शहाणी बाई!

त्याच आठवड्यात दादासाहेबांच्या फिर्यादीवरून पोलीस दारात.

लाथेची माझी तक्रार कोणी लिहून घेतली नाही. मालवणच्या कोर्टात दादासाहेब शपथेवर म्हणाले, "हिने देवळात सर्वांसमक्ष गुन्हा कबूल केला आहे." खाल्लेल्या खोबऱ्याबद्दल अवाक्षर नाही. त्या एका फटक्याचे दोन गुन्हे झाले. दुखापत केली हा एक, अंगावर धावून बळ वापरलं हा दुसरा. दोन्हींची कैद वेगळी.

ओरोसला जिल्हा कोर्टात अपील केलं. वकीलबाईला विचारलं, "बाय, देवळात एकदा शिक्षा झाली माजी. परत कशी?"

"मावशी, कायद्याला देवळातली शिक्षा दिसत नाही. पण एका फटक्याला दोन शिक्षा कशा, एवढं भांडता येईल."

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर दादासाहेब उभे. हातात नारळ, मी ठेवायचा म्हणून आणलेला.

"देवळात येवन परत एकदा पाय धर गो. मी सगळा मिटवन टाकतंय."

नवरा कानाशी लागला, "धर गो. जेलात गेलंस तर पोरांका कोण बघतला?"

आणि माझी कंबर वाकलीच की! तिला वाकायची सवयच होती. खाली बघते तर तेच बूट.

मी सरळ झाले.

"एका फटक्यासाठी एकदा वाकलंय. आता वाकूचंय नाय. तुमच्या लाथेचो नारळ खंय आसा?"

आणि पायऱ्या चढून आत गेले.

अपिलात एक गुन्हा गेला, एक राहिला. शिक्षा कोर्ट उठेपर्यंतची कैद. संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. मारलं तर होतंच! पण लाथेचा खटला कुठल्याच कोर्टात चालला नाही. देवळातही नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन लॉजच्या दारासमोर बसले. अजून बसते. आता पाटी नातसून उतरवून देते. गाव अधूनमधून म्हणतं, आजी, म्हातारपणी कशाला वैर, देवळात ये, मिटव. मी म्हणते, येते. आधी लाथेचा नारळ ठेवा. तोवर माझ्या घरातलं कोणी त्या बुटांपुढे वाकणार नाही. नातसुनेलाही सांगून ठेवलंय.