दुधीत खोचलेली सुरी

यासीनचाचा ड्रिल चालवायला बसले की शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या सुऱ्यांच्या दुकानात कुणी शिंकायचंही नाही. "कानानं भोक पाडतो मी," ते म्हणायचे. "पोलाद कुरकुरलं तर चालू द्यायचं, किंचाळलं तर थांबायचं." एकदा त्यांनी दारातली रिक्षा बंद करायला लावली आणि आत बसलेल्या रिक्षावाल्याच्या सासूलाही गप्प केलं. तेव्हापासून तो रिक्षावाला त्यांना लांबूनच सलाम ठोकायचा.

मी त्यांच्याकडे गेलो तो आईच्या धाकानं. वडील गिरणीत होते. करवतीच्या मोडक्या पात्यातून त्यांनी आईसाठी सुरी केली होती. तारेनं बांधलेली तिची मूठ तुटली. नवी बसवायला दोन भोकं हवीत म्हणून मी घरीच ड्रिल लावलं आणि तीन बिट बोथट केले. पात्यावर ओरखडा तेवढा उठला. मग सुरी गॅसवर लाल करायला निघालो, तर आईनं हात धरला. "त्यांच्या हातची एवढीच वस्तू राहिलीय. बिघडवलीस तर जेवायला मागू नकोस."

"अम्मा शहाणी हाय," चाचा म्हणाले. "सगळी तापवली असती तर धारच मेली असती. भोक पडायला मूठ बसते तेवढंच नरम करायचं, धार थंड ठेवायची." ते आत गेले आणि एक भला मोठा दुधी घेऊन आले. सुरीची धार त्यात खोचली आणि बाहेर राहिलेल्या मुठीकडच्या टोकावर गॅसची बत्ती धरली. टोक लाल झालं, दुधीतून वाफा निघाल्या. मग ज्योत हळूहळू मागं घेत त्यांनी ते निवू दिलं.

ड्रिल टेकवलं तोच आतून खैरूनचाची आल्या. "अजी, दुधी कुटं गेला?"

"कामावर हाय."

"आणि भाजी कशाची करू?"

"अर्धा शिजलाय की. उरलेला तू शिजव."

त्या दुकानाचा नियम चाचींना लागू नव्हता. त्या भांडत राहिल्या, चाचा पोलादाला कान लावून बसले, आणि दोन्ही भोकं नीट पडली. आईनं घरी त्या सुरीनं कांदा चिरला. मग मला जेवायला वाढलं.

गेल्या वर्षी चाचा गेले. भेटायला गेलो तेव्हा चाची एका बोथट सुरीनं टोमॅटो चिरत, खरं तर चिरडत, होत्या. साऱ्या पेठेला धार लावून देणाऱ्या माणसाच्या घरातली सुरी! मी म्हणालो, "द्या, धार लावून आणतो."

त्यांनी सुरी पदराखाली घेतली. "नको. हिच्यावरनं रोज भांडायचो आमी. राहू द्या अशीच."