बिनजाळाचं पाणी

आश्रुबा रोज भाकरी थापतो, हे पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात सगळ्यांना ठाऊक होतं. लोकोशेडमधला हा फिटर ड्यूटीवर जाण्याआधी स्टोव्ह पेटवायचा, बायकोला अंघोळीचं पाणी तापवून द्यायचा, भाकरी-कालवण करायचा आणि मगच सायकलवर टांग टाकायचा. शेडमधले लोक हसायचे. तोही हसायचा, पण कारण सांगायचा नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा पाथरीकडच्या त्याच्या गावात बौद्धवाड्यातली घरं जाळली गेली. आश्रुबा पूर्णेला कामावर होता. त्याची आई चतुराबाई पेटत्या छपराखाली सापडली. त्याच्या बायकोनं, रुख्मिणीनं, सासूला ओढून बाहेर काढलं आणि उसात लपवलं. पाचव्या दिवशी म्हातारी गेली. आश्रुबा पोचला तेव्हा तिची मातीही होऊन गेली होती. त्यानंतर रुख्मिणीनं कधी काडी ओढली नाही. जाळ दिसला की ती लांब सरकायची.

चौदा वर्षं हे असंच चाललं. पण यंदाच्या थंडीत तिच्या बोटांचे सांधे सुजले. डॉक्टर म्हणाले, गार पाण्याला हात लावायचा नाही. आश्रुबाची ड्यूटी पहाटेची असली की तापवून ठेवलेलं पाणी ती उठेपर्यंत निवायचं आणि तिची अंघोळ गार पाण्यानंच व्हायची. शेवटी तो परभणीला गीझर बघायला गेला.

"गॅसचा घ्या," दुकानदार म्हणाला, "लाइट गेली तरी चालतो."

समोरच्या काचेतून निळी ज्योत दिसत होती. आश्रुबानं मान हलवली. "जाळ दिसू नये असा हाय का?"

"मग टाकीचा विजेवरचा. पण तापायला अर्धा तास लागंल."

"लाइट तेवढा वेळ टिकंल व्हय?"

"तर मग हा बिनटाकीचा. इकडून गार पाणी शिरलं की तिकडून ऊन निघतं. लय करंट ओढतो मात्र. वायर जाडच टाका."

रविवारी शेडमधला वायरमन पंडित आला. त्यानं बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढली आणि अर्थिंग तपासली. आश्रुबानं छिन्नीनं भिंतीत खोबण्या पाडून गीझर बसवला. रुख्मिणी दारात बसून बघत होती.

"आत जाळ हाय का?"

"न्हाई. नुसती तार तापती."

"लाल व्हती?"

आश्रुबा अडला. "व्हत आसंल. पर तुला दिसायची न्हाई."

पंडित गेल्यावर ती न्हाणीत शिरली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आश्रुबानं दार वाजवलं, तेव्हा ती ओल्या लुगड्यानं बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसली.

"आत्याबाई श्यावटच्या दिवशी ऊन पाणी मागत व्हत्या," ती म्हणाली. "हुडहुडी भरली व्हती. घोटभर ऊन पाणी दे गं, म्हणायच्या. काडेपेटी माझ्या वटीत व्हती. वाळलं पाचट बी व्हतं. मी पेटवलं न्हाई."

"जाळ दिसला आसता तर त्यायनी तुमाला गाठलं आसतं."

"पाचव्या दिवशी कुनीच न्हवतं तिथं. मला भ्याव वाटलं, बास. गारच पाजलं."

आश्रुबाला आई दिसली, काकडणारी. क्षणभर त्याला बायकोचा राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

"इतकी वर्सं मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी रोज माझ्यासाठी इस्तू पेटवायलाव. कोन्त्या तोंडानं सांगू?"

तुझी काही चूक नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण ते शब्द तोंडातून निघाले असते तर खोटे वाटले असते, निदान त्या दिवशी. तो सायकल काढून गोदावरीच्या वाटेनं निघाला आणि दिवस मावळेपर्यंत नुसता फिरत राहिला.

परत आला तेव्हा रुख्मिणीनं सुजल्या बोटांनी पीठ मळून ठेवलं होतं. ती स्टोव्हपासून दूर, भिंतीला टेकून बसली होती. आश्रुबानं हातपाय धुतले, काडी ओढली आणि तवा ठेवला.

"जेवलीस का दुपारी?" त्यानं विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं पहिली भाकरी तिच्याच ताटात वाढली.