टायटॅनियमवरचं कुंकू

मी धातुशास्त्र शिकलेली बाई. दाराला लिंबू-मिरची टांगत नाही, आणि कोणी टांगलीच तर लिंबू काढून कोशिंबिरीवर पिळते. तेव्हा हे वाचून "ताई, देवीचा कौल होता" वगैरे कृपया मला कळवू नका. जे झालं ते सांगते. रागाने सांगते, कारण इतकी वर्षं झाली तरी तो राग गेलेला नाही.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात. मी राहायचे डोंबिवलीत आणि ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात क्वालिटी बघायचे. मोडलेल्या हाडांना बसवायच्या प्लेट आम्ही बनवायचो. नेहमीच्या टायटॅनियममध्ये थोडं व्हॅनेडियम असायचं. ते शरीराला बरं नाही अशी शंका होती, म्हणून त्याच्या जागी नायोबियम घातलेला नवा मिश्रधातू आम्ही करून बघत होतो. माझा जीव होता त्या कामात. धातूच्या पट्ट्या बाहेरून ओतून यायच्या. त्यातला एक लॉट ठिसूळ निघाला – वाकवला की मोडायचा. म्हणून चांगल्या पट्ट्यांच्या टोकाला मी पिवळा रंग लावला आणि नापास पट्ट्यांना लाल. नुसत्या डोळ्यांना दोन्ही अगदी सारख्या दिसायच्या.

मग आली खंडेनवमी. मी रजेवर. मशीनवरचे सगळ्यात जुने पाटीलमामा, त्यांनी मोठ्या भक्तीने सगळ्या पट्ट्या थिनरने पुसल्या, पूजेला एकत्र रचल्या आणि एकेकीला हळदकुंकू लावलं.

"मामा, टोकाचा रंग कुठे गेला?" रजेवरून आल्यावर मी विचारलं.

"देवापुढं रंग फासलेला माल कसा ठेवाचा, मॅडम? सगला चकाचक केला."

मामांवर काय ओरडणार? रंगाचा अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

हळदकुंकू पुसायला घेतलं. बहुतेक पट्ट्या लख्ख झाल्या. काहींवरचं कुंकू मात्र पुसलं की थोड्या वेळाने परत उमटायचं... कुंकू म्हणजे हळद आणि चुना, ॲसिडमध्ये ते पिवळं पडायलाच हवं. आम्ही त्या पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवल्या, वरचा धातूसुद्धा थोडा झिजला, आणि वाळल्यावर टोकाला लाल ठिपका तसाच. त्यातली एक मी वाकवली. काडकन मोडली.

मालकांकडे गेले. म्हटलं, सगळा ढीग बाजूला काढा, पट्टी न् पट्टी तपासल्याशिवाय कापू नका.

"बाई, आता कुंकवावर क्वालिटी ठरवायची का?" ते हसले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बरं. ठेवतो बाजूला. शब्द देतो."

मी विश्वास ठेवला.

पुढे दिवाळी झाली आणि कल्याणजवळच्या मोहने गावची माझी मावशी, जिने मला लहानाचं मोठं केलं, ती ओट्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आमच्याच कारखान्याची नवी प्लेट मागवलीये म्हटल्यावर माझी मान ताठ झाली.

"तुझ्या हातचा लोखंड ना गो?" स्ट्रेचरवरून मावशी म्हणाली. "मंग मना कसला भ्याव."

"लोखंड नाही गं, टायटॅनियम."

"तेच ते."

तिला आत नेलं. थोड्याच वेळात डॉक्टर तणतणत बाहेर आले. हातात कापडावर प्लेट. "हे काय पाठवता तुम्ही?"

प्लेटच्या टोकाला लाल ठिपका होता. रक्त नव्हतं, प्लेट अजून पेशंटजवळ नेलीसुद्धा नव्हती. कापून, घासून, पॉलिश करून, वाफेत निर्जंतुक होऊन आलेली प्लेट... त्यांनी मावशीला स्टीलची प्लेट बसवली.

ती शुद्धीवर आली तशी मी ठाण्याचा कारखाना गाठला. मालकांसमोर ती प्लेट शिकंज्यात धरून वाकवली. दोन तुकडे.

"शब्द दिला होतात तुम्ही."

"ऑर्डर अडली होती, बाई. आणि कुंकू तुम्हीच लावलं असणार."

माणूस असं बोलू शकतो. त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढून मी एकेका डीलरला माल परत मागवायला लावला. नोकरी अर्थातच गेली. पण बऱ्याच प्लेट परत आल्याच नाहीत, त्या कोणाच्या ना कोणाच्या पायात बसल्या होत्या. त्यांच्यावर ठिपका उमटला होता का? कोणी बघून पुसून टाकला का? मला माहीत नाही. माझा राग तिथे अडकलाय, भुताखेतात नाही.

मावशी पुढे शेवटपर्यंत आपल्या पायांनी बाजारात जात होती.

ते दोन तुकडे माझ्याकडे आहेत. पुढे कॉलेजात मी शिकवलेल्या पोरांनी तपासले, माझ्याहून हुशार लोकांनी तपासले. कोणालाच काही सांगता आलं नाही, मलाही नाही. दर खंडेनवमीला मी त्यांच्यावर झेंडूचं एक फूल ठेवते. कुंकू लावावं लागत नाही.