कुरडयांशेजारचा बोर्ड

"मॅडम, सकाळी बरोबर चालते. दुपार झाली का व्हॉल्व्ह आपोआप बंद होऊन राह्यला. शेठ म्हणते, सोमवारपर्यंत झालं नाई तर पॅनल घेऊन जा."

फोनवर होते गजाननभाऊ, सेलूकडच्या एका जिनिंगचे ऑपरेटर. कापूस फार कोरडा असला की सरकी काढताना तंतू तुटतात, म्हणून त्याला मोजकी वाफ द्यावी लागते. ती सोडणारं पॅनल आमच्या नालवाडीच्या वर्कशॉपचं. आतला बोर्ड पूर्णपणे मी डिझाइन केलेला, आयुष्यातला पहिला.

"काऊन मॅडम, बाहेरून आणलेला बोर्डच बरा होता का?" आमचे मालक वानखेडे सर म्हणाले. ते मला चांगलंच लागलं.

सोपं करून सांगते. कॉम्प्युटरला आकडे कळतात, व्हॉल्व्हला व्होल्टेज. मधला दुभाषा म्हणजे डॅक. माझ्या डॅकमध्ये लहानमोठे कपॅसिटर होते, म्हणजे चार्ज साठवणारे रांजण. आकड्याप्रमाणे त्यांतले काही भरायचे आणि पातळी किती झाली ते ॲम्प्लिफायरनं व्हॉल्व्हला सांगायचं. अट एकच, त्यानं रांजणातलं पिऊ नये. थोडं तर प्रत्येक ॲम्प्लिफायर पितोच. त्याला बायस करंट म्हणतात.

मी निवडलेला ॲम्प्लिफायर एकदम फास्ट. पिणंही नगण्य, कंपनीच्या माहितीपत्रकाच्या, म्हणजे डेटाशीटच्या, पहिल्याच पानावर ठळक छापलेलं. ते पान पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरांत होतं, पंचवीस डिग्रीला. टेस्टिंग मी एसीच्या खोलीत केलं होतं. टिनाच्या शेडमध्ये, बंद पॅनलच्या पोटात, एप्रिलच्या दुपारी पासष्ट डिग्री सहज होतात. दर दहा डिग्रीला हे पिणं साधारण दुप्पट होतं, म्हणजे इथे सोळापट. रांजण रिकामे होत गेले, की व्हॉल्व्ह बंद. सगळं आयुष्य वर्ध्यात काढून मी ऊनच विसरले होते. स्वतःचाच राग आला.

दुसरा ॲम्प्लिफायर शोधला. पंच्याऐंशी डिग्रीलाही जास्तीत जास्त किती पिणार, हे त्याच्या डेटाशीटमध्ये लिहून दिलेलं.

"पण हा तर स्लो आहे न?" सर म्हणाले.

"व्हॉल्व्हला हलायलाच दोन सेकंद लागतात, सर. घाई कोणाला आहे?"

"आणि गरम करून पाहाले टेस्ट चेंबर कुठून आणता?"

"गच्चीची चावी द्या."

वर्कशॉपच्या वरच सरांचं घर. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी काळ्या पत्र्याच्या डब्यात दोन बोर्ड ठेवले, एक जुन्या ॲम्प्लिफायरचा, एक नव्या. मी जिन्याच्या सावलीत मीटर घेऊन बसले. दीडच्या सुमारास जुन्याचं व्होल्टेज घसरायला लागलं. नवा जागचा हलला नाही.

सरांच्या आई कुरडया उलटवायला आल्या. "वाळलं का वो बाई तुमचं?"

"वाळलं, काकू. मस्त वाळलं."

सोमवारी सकाळी सेलूला जाऊन बोर्ड बसवला. दुपारी गजाननभाऊंचा फोन आला. "तीन वाजले मॅडम. काहीच हाललं नाई. शेठ म्हणते, दुसऱ्या लाइनलेही हेच लावा."

हे मी सरांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा उगाचच.

आता आमच्या टेस्टिंगच्या फॉर्मवर 'गच्ची' नावाचा रकाना आहे, आणि तिथली सही माझी असते. डेटाशीटचं पहिलं पान पंचवीस डिग्रीला लिहितात. तिथे आपण राहत नाही.