हताहत म्हणजे काय

माणूस मेला की जगला, हे बातमीच्या पहिल्या ओळीत लिहावं. बाकी सगळं नंतर. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं. पेपरवाल्यांना कळत नाही, म्हणून पेपर हातात घेतला की अजून माझं तोंड कडू होतं.

लढाईचे दिवस होते. आम्ही हिंदी मुलखात, चेरीतालला राहत होतो. माझा नवरा रेल्वेत, शेजारच्या वहिनीचा फॅक्टरीत, दारूगोळा भरायच्या खात्यात. आमच्या गल्लीतून फॅक्टरीत जाणारा मराठी माणूस तो एकच. आणि बायकांत वाचता येणारी मी एकटी. दुपारचा हिंदी पेपर आला की सगळ्या माझ्या ओट्यावर येऊन बसत.

त्या दिवशी सकाळी फॅक्टरीकडून मोठा आवाज आला. फाटक बंद झालं. आतला बाहेर येईना, बाहेरच्याला आत सोडेनात. वहिनी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली. दुपारी पेपर आला तशी म्हणाली, "ताई, वाचा ना लवकर."

मी वाचायला लागले. आधी सूर्याची लाली. मग मजुरांचं पोलादी मन. मग कोणी मोठा साहेब लगेच पोचला, त्याने धीर दिला, त्याचं पूर्ण नाव, हुद्दा, सगळं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. अगदी शेवटी एक ओळ होती, 'तीन कर्मचारी हताहत, जिनमें चेरीताल का एक मराठी भी.'

"म्हणजे काय, ताई?"

हा शब्द मी कधी वाचला नव्हता. पण पोथीत राक्षस हत होतात, तेवढं ठाऊक होतं. मी म्हणाले, "भाऊजी गेले."

गल्लीच्या टोकाला नागपूरकडची एक म्हातारी राहायची. तिला सगळे मावशी म्हणत. असल्या कामाला ती नेहमी पुढे. तिने वरवंटा आणला, वहिनीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मनगटाला काच लागून रक्त आलं. वहिनीचा हात मी धरून ठेवला होता. हे मी लपवत नाही.

चार वाजता फॅक्टरीचा शिपाई सायकलवर आला. "दीदी, भैयाजी अस्पताल में हैं. सिर में टाँके आए हैं. खाना भिजवा दीजिए, वहाँ की दाल उनसे खाई नहीं जाती."

मावशी म्हणाली, "कौन से भैयाजी? वो तो मर गए."

"मर गए? अभी तो मुझसे बीड़ी माँग रहे थे."

मावशीने वरवंटा उचलला. जाताना मला म्हणाली, "समजत नाही तं वाचून काहून राहिली?"

दवाखान्यात वहिनीच्या नवऱ्याने पुढचं सांगितलं. तिघांत दोन जखमी होते, एक मेला होता. मेलेल्याच्या बायकोनेही तोच पेपर वाचला होता. ती हिंदी शाळेत शिकलेली, तिने हताहत म्हणजे जखमी असं धरलं. डब्यात खिचडी घेऊन आली, दोन्ही खाटांवरची तोंडं पाहिली आणि विचारलं, "हमारे वाले किधर हैं?" नर्सने तिच्या हातातला डबा काढून घेतला.

एका शब्दाने एकीचा जिवंत नवरा मारला आणि दुसरीचा मेलेला जिवंत ठेवला. लिहिणारा मात्र जेवून सुखाने झोपला असेल.

तिसऱ्या दिवशी तोच पेपरवाला आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. बांगड्यांची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. वहिनीच्या मनगटावर अजून चिंधी बांधलेली, आणि हा विचारतो, "जब चूड़ियाँ टूटीं, उस वक्त आपको कैसा लगा?"

वहिनीने मनगट पदराखाली घेतलं. मी म्हणाले, "पहले ये बताओ, हताहत माने मरा कि बचा?"

"दोनों, बहनजी. पक्का पता न हो तो यही लिखते हैं. सब उसमें आ जाता है."

"पता नहीं था तो लिखते, पता नहीं. और जो मरा उसका नाम?"

"लड़ाई चल रही है. नाम छापने की मनाही है."

"साहब का कैसे छपा?"

तो हसला. मी त्याची वही ओढली आणि लिहिलं, 'एक मरा. दो घायल. चेरीतालवाला जिंदा है.' म्हणाले, "इतने को कितनी जगह लगती है?"

त्याने वाचलं आणि म्हणाला, "इसमें रस नहीं है, बहनजी."

रस! माणूस जळून मेला आणि याला रस पाहिजे. घरात जाऊन खरकट्या पाण्याची बादली आणेपर्यंत तो सायकलवर बसून गेला होता.

दुसऱ्या दिवशी छापून आलं. सुहागाच्या शक्तीने मृत्यू मागे फिरला. वहिनी धाय मोकलून रडली, असंही होतं, आणि ती तर त्याच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. मेलेल्याचा पत्ताच नव्हता.

वहिनी आली, हातात नव्या बांगड्या. "काय लिहिलं, ताई?"

मी आधी मनात शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "भाऊजी जिवंत आहेत, एवढं खरं. बाकी घाण."

ती म्हणाली, "त्या दिवशी बी असं मनात वाचून पाहिलं असतं, ताई, कोणाला विचारून घेतलं असतं, तर?"

त्यानंतर ती पेपर पुढच्या गल्लीतल्या मास्तरांकडून वाचून घ्यायची. बरोबर केलं तिने.