अक्कांच्या वाटणीचा द्राक्षरस

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. धुळ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला वचकून असणारे पुष्कळ होते, मी मात्र कुणाच्या बापाला भ्यायचे नाही. देवालाही भीत नव्हते, हे १९९०च्या आसपासच्या एका रविवारी कळलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर नि द्राक्षरस घ्यायचा, आणि त्या रसाचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. जे आजारी असतील त्यांचा वाटा आधीच छोट्या बाटलीत काढून ठेवायचा. त्या महिन्यात असा वाटा एकच होता, नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या अक्कांचा. डॉक्टरांनी हात टेकले होते. जाण्याआधी एकदा प्रभुभोजन द्या, असा निरोप त्यांनी धाडला होता.

आणि मी शहाणी नेमका तोच वाटा काढायला विसरले. चर्चमधली भक्ती संपली तेव्हा रसाचा थेंब उरला नव्हता; मी शेवटी घेणारी, माझ्याही वाट्याला आला नव्हता. चर्चचे पाळकसाहेब नि त्यांच्या पत्नी बसला निघायच्या तयारीत, मीही बरोबर जाणार होते. विसरले एवढं म्हणायला जीभ रेटेना. दुसऱ्याची चूक चारचौघांत काढायला मी केवढी पुढे! घर शेजारीच होतं. गेले, जांभळाचं सरबत बाटलीत ओतलं आणि आले. रंग हुबेहूब तोच. कुणाला कळतंय, म्हटलं.

बस सोनगीरच्या पुढे गेली. बाटली माझ्याच पिशवीत, माझ्याच मांडीवर. पाळकसाहेबांच्या पत्नी गप्पा मारत होत्या, मी नुसती हूं हूं करत होते. सांगून टाक, सांगून टाक, असं आतून कोणीतरी ढोसत होतं. मी ऐकलं नाही. नरडाणा आलं, तिथून बैलगाडीने खेड्यात गेलो, तरी तोंडाला कुलूप.

अक्का खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुनेने त्यांना धुतलेलं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरले होते. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, प्रार्थना केली. मग बाटलीचं बूच काढून वाटीत ओतायला लागले. अक्कांनी थरथरते दोन्ही हात पुढे केले. ते हात पाहिले आणि मला पहिल्यांदा देवाची भीती वाटली.

"थांबा," मी म्हणाले. "ते सरबत आहे."

मग सगळं सांगितलं, रडत, सुनेच्या देखत. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "ताई, हे तुम्ही धुळ्यातच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. आता अक्कांना काय देणार? खेड्यात रविवारी द्राक्षरस कुठून आणायचा?

अक्कांनी सुनेला खूण केली. पोट साफ व्हावं म्हणून सून त्यांच्यासाठी रोज मनुका भिजत घालायची. सकाळी घातलेल्या कोनाड्यात होत्या, चांगल्या फुगलेल्या. सुनेने ते भांडं आणलं, अक्कांनी ते माझ्यापुढे सरकवलं. मी हात धुतले, मनुका कुस्करल्या, सुनेने दिलेल्या धुवट फडक्यातून पिळल्या. जेमतेम दोन घोट निघाले. माझं रडं काही थांबेना.

"बठ्ठं सांगी टाकं ना?" सगळं सांगून टाकलंस ना, असं अक्का अहिराणीत म्हणाल्या. "मंग आते कसाले भ्यास?"

पाळकसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना केली. अक्कांनी एक घोट घेतला, डोळे मिटून. मी सकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलं नव्हतं, हे त्यांना कसं उमगलं कोण जाणे. उरलेला घोट त्यांनी पाळकसाहेबांना मला द्यायला लावला. तो घशाखाली उतरला तेव्हा छातीवरचा धोंडा खाली ठेवल्यागत वाटलं. परतीच्या बसमध्ये मी गाढ झोपले.

गुरुवारी निरोप आला, अक्का गेल्या. मी पोटभर रडले, पण त्यांच्या मातीला गेले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे मला सरळ बघता आलं.